आपली बाजू

दूध घेऊन परतताना चौकातल्या फ्लेक्सवर आधारला स्वतःचं तोंड दिसलं. आधी ओळखूच आलं नाही. टक्कल पडलेला, निळ्या पडद्यासमोर बसलेला, फोटो काढणाऱ्याने 'सर, थोडं हसा' म्हटल्यावर जेमतेम ओठ ताणलेला कोणी गृहस्थ आहे एवढं दिसलं, आणि हा आपल्या ओळखीतला असावा असं वाटून तो थांबला. मग ओळख पटली. वर मधोमध शेजारचा नाना, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हात जोडलेले, पाठीमागे कुठल्याशा जंगलातला वाघ, 'वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा'. आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून माणसांची डोकी ओळीने मांडलेली, त्यात एक त्याचं. प्रा. आधार देवरे सर. आधी प्रा. आणि शेवटी पुन्हा सर, म्हणजे कोणाला शंकाच नको. कॉलेजातून निवृत्त होताना काढलेला फोटो होता तो. यांच्या हाती कसा लागला? उजवीकडे गाड्यांचं सुशोभीकरण करणारा एक, डावीकडे नानाच्या केळीच्या ट्रकांचा हिशेब बघणारा एक, आणि मध्ये हा, आयुष्यभर कोणाच्याही मांडवाखाली न बसलेला माणूस, दात न दाखवता हसतोय. आधारने इकडेतिकडे पाहिलं. चौकात चहावाला स्टोव्हला पंप मारत होता, एक बाई मुलाला ओढत क्लासला नेत होती, कोणाचंच वर लक्ष नव्हतं. तरी त्याला उगीचच उघडं पडल्यासारखं वाटलं. दूध त्याचा जुना मित्र पुनाही याच दुकानातून नेतो, आणि पुना आपल्याआधी येऊन गेला असणार, हे त्याला चालायला लागल्यावर सुचलं.

आजचाच दिवस कसा निवडला यांनी, असं तो मनात म्हणाला. पण वाढदिवस काही कोणी निवडत नाही. संध्याकाळी कॉलनीच्या मोकळ्या जागेत बैठक होती. जळगावच्या या टोकाच्या कॉलनीत मोकळी जागा म्हणजे एक पिंपळ, दोन बाकडी, आणि कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली. खोलीत पुना बिऱ्हाडेने अभ्यासिका चालवली आहे. पुना टपाल खात्यातून निवृत्त झालेला. पलीकडच्या वस्तीतली, कॉलनीतली, कोणाकोणाची पोरं तिथे स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन सकाळपासून बसतात. घरी दोन खोल्यांत आठ माणसं असली की अभ्यासाला जागा कुठली? आता नानाला त्या जागेवर सभागृह बांधायचंय. बांधावं, कोण नको म्हणतं. पण खोली पाडून. ती जागा अभ्यासिकेला कोणी दिलीच नव्हती, असं नाना म्हणतो. सगळ्यांनी मिळून दिली होती, तुम्ही स्वतः हजर होतात, असं पुना म्हणतो. कागद नाही. तेव्हा कॉलनीत जेमतेम दहा घरं, सगळे एकमेकांकडे जेवायला जाणारे, कागद कसला करता! त्या दिवशी तिथे उभी असलेली माणसं एकेक करून पुण्याला पोरांकडे गेली, कोणी प्लॉट विकला, कोणी वारलं. राहिले तिघं. नाना, पुना आणि आधार. म्हणून मागच्या बैठकीत दोघांनीही चारचौघांत कबूल केलं होतं, की देवरे सर जे सांगतील ते मान्य. सर कोणाचे नाहीत. सर खोटं बोलायचे नाहीत. त्या वेळी आधारच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि त्याला आठवत होतं. लख्ख आठवत होतं. उन्हाळा होता, माती दगडासारखी झाली होती, नारळ फोडायला दगड शोधावा लागला नव्हता. पुनाने कुदळ आणली होती आणि पहिली कुदळ नानानेच मारली होती. 'पोरं शिकली पाहिजेत' असं म्हणाला होता नाना, घाम पुसत. तेव्हा तो नाना नव्हता. सावद्याहून नुकताच आलेला, एकच ट्रक असलेला, उखर्डू नावाचा माणूस होता. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईने याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं, म्हणून उखर्डू, हे त्याने स्वतःच हसत हसत सांगितलं होतं त्या दिवशी, खोबरं खाता खाता. आता फ्लेक्सवर ते नाव येत नाही. चार दिवसांपूर्वी पुना घरी आला, पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तर आला नाही. दोघंही अहिराणीतच बोलतात, अमळनेरच्या कॉलेजात शिकत होते तेव्हापासून. 'आधार, तू माले मदत नको करू,' पुना म्हणाला, 'फक्त जे व्हयनं ते सांग.' एवढंच. उठून गेला. एवढी सोपी मागणी आधारकडे आयुष्यात कोणी केली नसेल.

घरी आला तर मोहिनी, त्याची बायको, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून फोटो बघत होती. कॉलनीच्या ग्रुपवर फ्लेक्स आला होता. छान आलाय हो तुमचा, ती म्हणाली, शेजारच्या फोटोतल्या त्या पाटलांपेक्षा तर फारच छान. मग कळलं, की फोटो तिनेच दिला होता. नानाचा माणूस मागायला आला तेव्हा हे अंघोळीला गेले होते. विचारायचं नाही का, असं आधार म्हणाला, आवाज चढवून म्हणाला, आणि मोहिनीने मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिचं म्हणणं साधं होतं. मुलगा तेजस पुण्यात, तो काही परत येत नाही. आपण दोन म्हातारी माणसं. रात्री पोटात दुखलं तर गाडी कोण काढणार? नानाच काढणार. पुनाभाऊ देवमाणूस आहेत, त्यांच्याकडची बुद्धजयंतीची खीर मी कधी चुकवली नाही, पण त्यांच्याकडे आहे काय? एक सायकल. समोरच्या नवीनचं काय झालं ते विसरलात? आधार विसरला नव्हता. ती खोटं बोलत नव्हती हेच तर वाईट होतं. त्याने दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि तो उगीच मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

समोरचा नवीन, शाळेत शिक्षक, तरुण पोरगा, रक्त गरम. नानाचे केळीचे ट्रक कॉलनीत उभे राहतात, पोरांना खेळायला रस्ता राहत नाही, असं त्याने ग्रुपवर लिहिलं. सभ्य शब्दांतच लिहिलं. ग्रुपवर कोणी चकार शब्द काढला नाही. आधारने तर मोबाइल उलटा करून ठेवला. मग एका सकाळी कुठून तरी एक जेसीबी आला, आणि नवीनच्या फाटकापुढचा उतार तेवढा उखडून गेला. अतिक्रमण म्हणे. उतार सगळ्यांच्याच फाटकापुढे आहेत. कोणी पाठवला, का पाठवला, कोणाला माहीत नाही. नाना तर त्या दिवशी नवीनला भेटायलाही गेला, हळहळला. नवीन अजून मोटरसायकल रस्त्यावर लावतो आणि फळी टाकून घरात जातो. त्या सकाळी आधार खिडकीच्या पडद्याआड उभा होता. तो लोखंडी दात जमिनीत रुतून वर येताना जो आवाज करतो तो त्याच्या दाढांत घुसला होता, आणि एकच विचार आला होता, लाज वाटावी असा: बरं झालं, आपण काही लिहिलं नाही. नवीनचं घर आणि त्याचं घर यांच्यात एक रस्ताच काय तो आहे. नानाच्या आणि त्याच्या घरात तर नुसती भिंत.

त्यानंतर नानाच एकदा म्हणाला, की सर, माझ्या भिंतीवर कॅमेरे बसवतोय, एक तुमच्या फाटकाकडे वळवून देतो, दोघंच राहता, काळजी नको. आधार हो म्हणाला नाही. नको असंही म्हणाला नाही. 'बघू' म्हणाला. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते समोरच्याने ठरवायचं असतं. कॅमेरा लागला. मोहिनीला त्या रात्री शांत झोप लागली, आणि खरं सांगायचं तर त्यालाही. भिंतीवरचा तो काळा डोळा आपल्याकडे बघतोय की आपल्यासाठी बघतोय, हे त्याने फार खोदून पाहिलं नाही. मग कॅमेऱ्याचे आभार मानायला एकदा चहा, मग गणपतीत आरतीला, मग असंच, संध्याकाळी पाय मोकळे करताना नाना ओट्यावर दिसला म्हणून. प्रत्येक वेळी घरी परतताना तो स्वतःला समजावायचा, की चहा प्यायला म्हणून काही झालं नाही. मी पुनाकडेही पितो.

धुळ्याच्या कॉलेजात शिकवत होता तेव्हा त्याची ख्यातीच होती. संस्थेत दोन गट, अध्यक्षांचा आणि सचिवांचा. निवडणूक आली की स्टाफरूमच्या खुर्च्यासुद्धा दोन्हीकडे सरकायच्या. आधार जळगावहून सकाळच्या एसटीने यायचा, संध्याकाळच्या एसटीने परत जायचा, आणि दोन्ही गटांत चहा प्यायचा. देवरे सरांचं काही सांगता येत नाही बुवा, असं लोक म्हणायचे, आणि ते कौतुक आहे असं तो धरून चालायचा. वर्गात तो राज्यशास्त्र शिकवायचा, त्यातही आंतरराष्ट्रीय संबंध. अलिप्तता वेगळी आणि तटस्थता वेगळी, हे सांगताना त्याला रंग चढायचा. अलिप्त देश कोणाच्या कळपात जात नाही, पण अन्याय दिसला तर तोंड उघडतो. तटस्थ देश युद्धात कोणाचीच बाजू घेत नाही. तट म्हणजे काठ. काठावर उभा राहतो तो तटस्थ. एकदा मागच्या बाकावरचं एक कापडण्याचं पोरगं उठून म्हणालं, 'सर, पांझरेला पूर आला ना, की काठावरचा पहिला जातो.' वर्ग हसला. आधारही हसला, आणि त्या पोराला त्याने बस म्हणून खूण केली. त्याचं उत्तर त्याने दिलं नव्हतं, कारण तास संपत आला होता, किंवा तसं त्याने तेव्हा स्वतःला सांगितलं. पारोळ्यापर्यंत बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं, मग डुलकी लागली.

आणि हे सगळं तत्त्व म्हणून होतं का, हा प्रश्न आता म्हातारपणी आंबट ढेकरेसारखा वर येतो. सोनगीरला लहानपणी किल्ल्याच्या उतारावर पोरं दोन टोळ्या करून खेळायची. आधार कायम पंच. दोन्ही टोळ्यांचा विश्वास, मान मोठा. पण खरं कारण, की त्याला धावता येत नव्हतं, मार बसायची भीती वाटायची, आणि पंचाला कोणी मारत नाही हे त्याला फार लवकर कळलं होतं. पंचाला कोणी मारत नाही! त्या एका शोधावर अख्खं आयुष्य काढलं की काय आपण? तो अजून अंगणातच उभा होता. तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं, ते त्याने घातलं, जरा जास्तच घातलं.

पण फ्लेक्स चहाने लागत नाही. फ्लेक्स लागला तो परवाच्या एका वाक्याने, आणि ते वाक्य त्याच्याच तोंडातलं होतं. परवा नानाने बोलावलं. ओट्यावर खुर्च्या टाकलेल्या, दोनचार माणसं, केळीचे वेफर्स. नाना कॉलनीच्या भल्याचं बोलत होता. लग्नाला हॉल नाही, दशक्रियेला निवारा नाही, आणि त्यांची ती खोली मात्र कोपरा अडवून बसलीये. 'त्यांची.' कॉलनीत सगळे आता तसंच म्हणतात, 'त्यांची खोली', आणि कोणाची ते कोणी उच्चारत नाही. आधार ऐकत होता, मान हलवत होता. ऐकणाऱ्याची मान हलतेच. मग नाना थांबला, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. काही तरी बोलणं भाग होतं. वर्गात, सभेत, पाहुण्यांसमोर बोलताना त्याच्या तोंडी कॉलेजची मराठी यायची, अदबीची, आणि भीती वाटली की ती आणखीच अदबीची व्हायची. तो म्हणाला, 'आपली बाजू भक्कम आहे, नाना.' नानाने मांडीवर थाप मारली. बस्स, म्हणाला. ऐकलंत ना रे? सर काय म्हणाले? आपली बाजू. आणि ओट्यावरची सगळी माणसं हसली, एकदम मोकळी, घरातली असल्यासारखी, आणि कोणी तरी आधारच्या पाठीवर हात ठेवला.

त्याला 'आपली' म्हणजे 'तुमची' म्हणायचं होतं. आदरार्थी. आपण कसे आहात, आपलं पत्र मिळालं, तसं. सावद्याच्या केळीच्या वखारीत असलं आपण कोण बोलतं? आणि सोनगीरला तरी कोण बोलत होतं? तिथे आपण म्हणजे तू आणि मी, एका ताटात जेवणारे, दुसरा अर्थच नाही. नानाने जो ऐकला तोच खरा अर्थ, बाकीचा पुस्तकातला. तत्काळ सांगता आलं असतं, की नाना, आपली म्हणजे तुमची हो, मी आपला सभ्यपणे बोललो. एका वाक्याचं काम होतं. पण पाठीवर हात होता. तो हात उबदार होता, जड होता, आणि किती वर्षांत कोणी असा हात ठेवला नव्हता. आधार वेफर खात बसला. त्या दोन मिनिटांत त्याला जे सुख वाटलं त्याची त्याला अजून शिसारी येते. आणि आता तर त्याचं त्यालाच कळत नाही, की तोंडातून निघालं तेव्हा ते तुमची होतं की आपली. जीभ माणसाआधी पोचते कधी कधी.

रविवारी सकाळी तो अभ्यासिकेत पोरांना शिकवायचा. आज जावं की नाही? न जाणं म्हणजे कबुलीच, असं वाटून तो गेला. पत्र्याखाली तापायला लागलं होतं. पोरं चटयांवर बसलेली, भिंतीला नकाशे, पंख्याची घरघर. पुना कोपऱ्यात वर्तमानपत्रांची चळत लावत होता. त्याने आधारकडे पाहिलं, मान हलवली, रोजच्यासारखी. आधारला वाटलं, याने फ्लेक्स पाहिला नसेल. मग वाटलं, पाहिला असेल आणि काही वाटलं नसेल. मग पुनाची नात, प्राची, वही उघडून उभी राहिली. मुख्य परीक्षेची तयारी करते पोरगी, डोळ्यांखाली काळं आलंय. तिने विचारलं, की सर, फिनलंड इतकी वर्षं तटस्थ होता, स्वीडन तर दोनशे वर्षं कुठल्या युद्धातच नव्हता, मग दोघं नाटोत गेले. छोटे तटस्थ देश लष्करी युतीत का जातात, असा प्रश्न आला तर कुठून सुरुवात करायची? तिच्या आवाजात टोमणा नव्हता. आधारने नीट कान देऊन पाहिलं, नव्हता. तिला खरंच दहा गुणांचं उत्तर हवं होतं.

तो बोलायला लागला आणि सवयीने बरा बोलला. म्हणाला, लिहिताना एक लक्षात ठेव, ते एका दिवशी जात नाहीत. सही ही शेवटची गोष्ट. सोव्हिएत संघ मोडला त्यानंतर थोड्याच वर्षांत हे दोघं एका कार्यक्रमात सामील झाले. त्याचं नाव बघ, शांततेसाठी भागीदारी. नावात शांतता आहे, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. मग एकत्र सराव. मग रेडिओ, दारूगोळा, सगळं एकमेकांना जुळेल असं घ्यायचं. मग बैठकांना बाजूच्या खुर्चीत. दरवेळी घरी येऊन लोकांना सांगायचं, की आम्ही अजून तटस्थच आहोत. आणि मग मोठा शेजारी तिसऱ्याच्याच घरात रणगाडे घालतो. युक्रेनमध्ये घातले. ज्याच्यावर घातले तो कोणाच्या युतीत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी लढायला कोणी उतरलं नाही, हे सगळ्यांना दिसतं. भीती वाटते. ती भीती खोटी नसते, हे उत्तरात लिही, परीक्षकाला ते हवं असतं. मग लोकमत महिन्याभरात पालटतं, आणि पुढारी म्हणतात आम्ही लोकांचं ऐकलं.  आणखी एक पोरगं म्हणालं, म्हणजे सर, ते चुकले का? आधार म्हणाला, चूक-बरोबर लिहायचं नसतं, कारणं लिहायची. मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाला, त्यांना निदान सुरक्षितता मिळाली. ते कोणाला बुडवून गेले नाहीत. हे वाक्य प्राचीने लिहून घेतलं आणि त्याला कसंसंच झालं. तिकडे आक्रमण करणारा एक आणि आसरा देणारा दुसरा होता. इथे जेसीबी आणि कॅमेरा एकाच ओट्यावरून आले होते, आणि तरी तो त्याच ओट्याकडे सरकत गेला. याला कुठल्या परीक्षेत काय म्हणतात, ते त्याने कधी शिकवलं नव्हतं.

पोरं पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा पुना जवळ येऊन बसला. 'फोटो झकास उना तुना,' म्हणाला.  आधार म्हणाला की मी त्यांना सांगितलं नव्हतं, मोहिनीने दिला, मला सकाळी कळलं. 'माले माहीत शे,' पुना म्हणाला.  मग म्हणाला की लोक सकाळपासून मला सांगताहेत, तुमचा साक्षीदार गेला. मी म्हटलं, फोटो गेलाय, आधार नाही गेला. हे त्याने अगदी सहज म्हटलं, आणि उठून पुन्हा वर्तमानपत्रं लावायला लागला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे आधारला नव्हतं माहीत. याने माझ्यावर का टाकावं सगळं? याला काय वाटतं, मी कोण आहे? घरी जाताना तो भराभर चालला, जेवला नाही, पित्ताची गोळी घेतली.

दुपारी पडल्या पडल्या त्याने वाक्य तयार केलं. लांबलचक काही नको, प्रास्ताविक नको. 'त्या दिवशी पहिली कुदळ नानांनीच मारली.' बस्स. एवढं बोललं की पुढचं आपोआप. कोणावर आरोप नाही, कोणाची बाजू नाही, घडलं ते. नाना नाकारू शकणार नाही, कारण त्यात त्याचा मोठेपणाच आहे. आधारला ते वाक्य फार आवडलं. अंघोळ करताना त्याने ते मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि न्हाणीघरात आवाज घुमला तेव्हा छाती भरून आली. फ्लेक्सवरच्या फोटोचं काय, एका वाक्यात तो फोटो खोटा पडेल. मोहिनीने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता. तो बाहेर पडताना ती म्हणाली, की जपून बोला.

पिंपळाखाली खुर्च्या दोन अर्धवर्तुळांत आपोआपच मांडल्या गेल्या होत्या. नानाकडे गर्दी, हार, पेढ्यांचे खोके. वाढदिवसाला आलेली माणसंच बैठकीला थांबली होती. इकडे पुना, त्याची बायको सुनंदाबाई, प्राची, अभ्यासिकेतली काही पोरं, आणि सगळ्यांच्या मागे, जरा बाजूला, नवीन. नाना हसत उठला. म्हणाला, मला काही बोलायचं नाही, सर म्हणतील ते मान्य, मागेच ठरलंय. आणि बसला. त्याच्या बसण्यातच खात्री होती. पुनाही म्हणाला, मान्य. आधार उभा राहिला. वाऱ्याने पिंपळ सळसळत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, 'त्या...'पर्यंत आलंही असेल. मग त्याला त्या माणसांच्या पलीकडे स्वतःचं घर दिसलं. गच्चीवर मोहिनी उभी होती. काही करत नव्हती, नुसती उभी होती, दोन्ही हात कठड्यावर ठेवून. आणि त्याला आपल्याच घशातून तो शांत, समतोल, धुळ्याच्या वर्गातला आवाज ऐकू आला, की मित्रहो, दोन्ही बाजू मला सारख्याच जवळच्या आहेत, इतक्या वर्षांनी नेमकं काय ठरलं होतं यावर मी बोलणं योग्य होणार नाही, मी या बाबतीत तटस्थ राहू इच्छितो.

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग टाळ्या वाजल्या. नानाच्या बाजूने वाजल्या. आधी एकाने वाजवली, मग सगळ्यांनी, आणि कोणी तरी शिट्टीही मारली, वाढदिवसाची मंडळी होती ती. कॉलनीत ज्याला म्हणून डोकं होतं त्या प्रत्येकाला हिशेब कळला, पेढे वाटणाऱ्या माणसालाही कळला: कागद नाही, आता साक्षही नाही, खोली गेली. आधार टाळ्या थांबायची वाट बघत तसाच उभा राहिला, आणखी काही बोलायचं असल्यासारखा. त्याला खरंच वाटत होतं की अजून बोलता येईल. नवीन उठून निघून गेला. सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्राची मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती, रागाने नाही, एखादं उत्तर ऐकताना बघावं तशी.

पुनाचा आवाज आला. मोठा नाही, चिडलेला नाही. इतक्या वर्षांत उन्हातान्हात बरोबरीने चालताना शेजारून जसा यायचा तसाच.

'बस आते, आधार. कितला येळ उभा ऱ्हाशी.'

मागून कोणी तरी खुर्ची पुढे सरकवली. खुर्चीची कड पोटऱ्यांना लागली आणि कोणाची आहे ते न बघताच आधार बसला. बसल्यावर त्याने मान वर केली तर आजूबाजूला नानाची माणसं होती. समोर, मोकळ्या जागेच्या त्या टोकाला, पुना होता.

त्याने पुनाला असं समोरून कधी पाहिलंच नव्हतं.